तारेवरच्या गप्पा : आधी बुवांचा सा पकडा

या वेळी पत्रांचा ढीग आहे. गणपती जवळ आले की असं होतंच, वर्षभर कपाटावर धूळ खात पडलेली गिटार श्रावणात खाली उतरते आणि मग सगळ्यांना एकदम प्रश्न पडायला लागतात. सगळी पत्रं घेता आली नाहीत, सारखी होती ती एकत्र केलीत. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय म्हणून सगळ्यांचं फक्त गाव टाकलंय.

प्रश्न : दादा, मी २२ वर्षांचा, आमच्या वाडीतल्या भजनात गिटार घेऊन बसायला लागलोय. घरी मोबाईलवर ट्यूनर लावून गिटार एकदम परफेक्ट लावून जातो, पण तिथे बुवांनी सुरुवात केली की माझं सगळं बेसूर. परवा बुवा सगळ्यांसमोर म्हणाले, "रे झिला, तुझी गिटार खंय चल्ली?" पेटीवाले काका "काळी एक" म्हणतात, मला सी, डी, जी एवढंच कळतं. काय करू? (मालवण)

उत्तर : बुवांचं बरोबर आहे आणि तुझी गिटार पण लागलेली आहे, तुम्ही दोघं फक्त वेगवेगळ्या सा वर बसलायत.

काळी एक म्हणजे सी शार्प. पेटीवर सप्तकाची पहिली पांढरी पट्टी सी, तिला म्हणायचं पांढरी एक, आणि तिच्या नि पुढच्या पांढरीच्या मधे जी काळी आहे ती काळी एक. तिथून पुढे काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. पांढऱ्या सात क्रमाने सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. हे एका कागदावर लिहून गिटारच्या कव्हरच्या खिशात टाकून ठेव, निदान पहिले दोन महिने.

आता पुरुषमंडळी बरेचदा काळी एक नाहीतर दोनला गातात, बायकांचं भजन असलं की काळी चार-पाचच्या आसपास जातं, आणि आपल्या गिटारवाल्यांच्या सोप्या उघड्या कॉर्ड्सचे (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीन सूर) बोटांचे आकार पाचच, सी ए जी ई डी, त्यातला एकसुद्धा काळ्या पट्टीवर पडत नाही. म्हणून कॅपो घ्यायचा, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. (गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्यांनी जे घर पाडलेले असतात ते फ्रेट.) कॅपो एक फ्रेट पुढे सरकवला की आवाज पेटीवरच्या एका पट्टीने चढतो, मग ती पुढची पट्टी काळी असो की पांढरी. म्हणजे हिशोब सोपा आहे, तू जो आकार धरणार त्या नावाच्या पट्टीपासून बुवांच्या पट्टीपर्यंत जेवढ्या पट्ट्या चढायच्या तेवढ्या नंबरच्या फ्रेटवर कॅपो.

काळी एकला पुस्तकं सांगतील कॅपो पहिल्या फ्रेटला लाव आणि सीचे आकार वाजव. बरोबर आहे पण त्यात एफ येते आणि एफने अर्ध्या महाराष्ट्राची गिटार सोडवलीय (पुढे एक पत्र आहेच त्यावर). त्यापेक्षा कॅपो चौथ्याला लाव आणि ए, डी, ई वाजव, तिन्ही सोप्या. काळी दोनला कॅपो पहिल्याला, डी, जी, ए. काळी चारला पहिल्याला आणि जी, सी, डी. काळी पाचला तेच जी, सी, डी पण कॅपो तिसऱ्याला. काळी तीन झालीच तर चौथ्याला कॅपो लावून डी, जी, ए. कॅपो फ्रेटच्या धातूच्या पट्टीला मागून खेटून बसव, पट्टीच्या वर चढवू नकोस नाहीतर तारा गुदमरतात.

एवढं करूनही जरा खटकेल, कारण तुझा ट्यूनर ए म्हणजे ४४० हर्ट्झ धरून चालतो आणि वाडीतल्या पेटीला ते कुणी विचारलेलं नसतं. जुनी पेटी, मधे कधीतरी सूर घासून घेतलेले, दमट हवा, ती थोडी वर नाहीतर खाली असतेच. पेटीचे कान पिळता येत नाहीत, गिटारचे येतात, म्हणून आपणच तिच्याकडे जायचं. भजन सुरू व्हायच्या आधी, कॅपो काढून, काकांना म्हण जरा पांढरी सहा दाबून धरा. तो ए, म्हणजे तुझी पाचवी तार (सगळ्यात बारीक ती पहिली, सगळ्यात जाड ती सहावी). ती पेटीला मिळव. मग पाचवी तार पाचव्या फ्रेटला दाबून चौथी मिळव, चौथी पाचव्याला दाबून तिसरी, तिसरी मात्र चौथ्याला दाबून दुसरी (इथे सगळे चुकतात), दुसरी पाचव्याला दाबून पहिली, आणि सहावी पाचव्याला दाबली की उघड्या पाचवीसारखी वाजली पाहिजे. मग कॅपो लाव, परत एकदा कान दे, कारण कॅपोच्या दाबाने तारा किंचित चढतात.

हे सगळं वेळेआधी कर हां. मी एकदा बुवा गाऱ्हाणं घालत असताना टिंग टिंग करत बसलो होतो आणि पखवाजवाल्याने ज्या नजरेने बघितलं ते अजून आठवतंय.

प्रश्न : मी हार्मोनियमच्या प्रवेशिकेपर्यंतच्या परीक्षा दिल्यात, आता मुलगा शिकायला पुण्याला गेला म्हणून त्याची गिटार हातात घेतली. पुस्तकातली मेजर स्केल, इंटरव्हल, डायटॉनिक कॉर्ड वगैरे भाषा वाचून डोकं गरगरतं. नेटवर बघावं तर एकाच गाण्याच्या तीन ठिकाणी तीन वेगळ्या कॉर्ड्स, त्यातली खरी कुठली? आणि एक छळ म्हणजे जी कॉर्ड कानाला गोड लागेल अशी गिटार लावली की ई कॉर्ड बिघडते, तिला लावायला गेलं की जी बिघडते. (रत्नागिरी)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून खरंच मजा आली, कारण तुम्हाला थिअरी येते, फक्त ती वेगळ्या कपड्यात समोर आली म्हणून ओळख पटली नाही. मेजर स्केल म्हणजे आपला बिलावल थाट, सगळे शुद्ध स्वर. बस. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा तर पाश्चात्त्य मोडशी (म्हणजे त्यांच्याकडचे थाटच) जसेच्या तसे जुळतात, बिलावल, कल्याण, खमाज, काफी, आसावरी, भैरवी. भैरव, पूर्वी, मारवा, तोडी हे चार मात्र त्यांच्या हाती लागत नाहीत.

कॉर्ड कशी होते बघा. पेटीवर सा धरा, एक स्वर सोडून ग, परत एक सोडून प. सा-ग-प, झाली मेजर कॉर्ड. आता असंच रे वरून, रे-म-ध, ही मायनर. ग-प-नी मायनर, म-ध-सा मेजर, प-नी-रे मेजर, ध-सा-ग मायनर. नी-रे-म ही डिमिनिश्ड, ती अडचणीची आहे, सध्या तिला बाहेर पडवीत बसवा. म्हणजे सा, म, प मेजर आणि रे, ग, ध मायनर, कुठल्याही पट्टीत हेच. जी चा सा धरला तर जी, सी, डी मेजर आणि ए, बी, ई मायनर. डायटॉनिक कॉर्ड म्हणतात त्या याच.

आता गाण्याला कॉर्ड लावायची तर पहिल्यांदा सा कुठंय ते शोधा, ते तुम्हाला येतंच. मग ओळ गुणगुणा आणि बघा सूर कुठे विसावतो. समजा चाल अशी आहे, ग ग म प, प ध प म, ग म ग रे, सा. पहिला तुकडा प वर थांबतो, त्याला सा ची कॉर्ड. दुसरा म वर येऊन टेकतो, त्याला म ची. तिसरा रे वर लोंबकळतो, पुढे सा ला जायची घाई आहे त्याला, तिथे प ची, कारण प-नी-रे मधे रे आहे. मग सा. म्हणजे जी च्या पट्टीत जी, सी, डी, जी. अर्ध्याहून जास्त आरत्या नि भजनं अशी तीन कॉर्डवर तरून जातात असं माझं मत आहे, भांडायचं असेल तर भांडा.

पण प्रत्येक स्वर तीन कॉर्ड्समधे असतो ना. ग हा सा च्या कॉर्डमधे आहे, ग च्या स्वतःच्या आहे, आणि ध च्या पण आहे. मग पहिल्या तुकड्याला जी ऐवजी ई मायनर लावून बघा, तीच ओळ एकदम हळवी होते, जणू कुणी एसटीच्या खिडकीतून हात हलवतंय. चुकलं का? नाही. म्हणून नेटवर तीन प्रकार दिसतात, एकाला उजेड हवा होता, दुसऱ्याला थोडी सावली, आणि तिसऱ्याने कॅपो वेगळ्या जागी लावलाय एवढंच. चौथे पण असतात, ज्यांनी न ऐकताच टाइप केलंय, ते तुमचा कान पकडेलच.

कोमल स्वर आले की थोडं हलतं. नी कोमल असला, खमाजसारखा, तर कोमल नी ची मेजर कॉर्ड मिळते, जी च्या पट्टीत ती एफ, ए च्या पट्टीत जी. ग कोमल झाला की सा ची कॉर्डच मायनर. भैरवीसाठी एक गंमत सांगतो, सा म्हणून ई धरा. पेटीवर ई पासून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवत गेलं की भैरवीचे स्वर येतात, म्हणजे गिटारवर ई मायनर, एफ, जी, ए मायनर, सी, डी मायनर. यात प ची कॉर्ड डिमिनिश्ड निघते म्हणून घरी परत यायला ती वापरू नका, एफ वरून नाहीतर डी मायनर वरून ई मायनरला या. अंगावर काटा येतो.

आणि जिथे राग अगदी शुद्ध गायला जातोय तिथे कृपया प्रत्येक स्वराखाली कॉर्ड घालू नका. मींड घेऊन कुणी कोमल ध वर थांबलंय आणि खालून आपण ढँग करून मेजर कॉर्ड मारतोय, हे मी ऐकलंय, मीच वाजवलंय खरं तर. अशा वेळी नुसते सा आणि प धरून ठेवा तानपुऱ्यासारखे. ए ची पट्टी असेल तर पाचवी तार उघडी, चौथी आणि तिसरी दुसऱ्या फ्रेटला, बाकीच्या गप्प.

आता तुमचा तो जी आणि ई चा छळ. त्यात दोष तुमच्या कानाचा नाही, उलट कान फार चांगला आहे. गिटारचे फ्रेट पेटीसारखेच, सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले. त्यात प जवळजवळ बरोबर येतो पण शुद्ध ग खऱ्या गोड गंधारापेक्षा साधारण १४ सेंट वर राहतो (१०० सेंट म्हणजे एक पट्टी). जी कॉर्डमधे दुसरी तार बी म्हणजे ग, तिला तुम्ही कानाने गोड करता म्हणजे किंचित उतरवता. मग ई वाजवली की तीच बी आता प झालेली असते आणि प उतरलेला कुणालाच सहन होत नाही. पेटीवर कानाडोळा करता तसाच इथे करा, ट्यूनरला लावा आणि विसरा.

प्रश्न : अकरावीत आहे, हात लहान आहेत. एफ कॉर्ड सहा महिने झाले येत नाही. पहिलं बोट आडवं टाकलं की दोन-तीन तारा मेल्यासारख्या वाजतात, मनगट दुखतं. क्लासचे सर म्हणतात प्रॅक्टिस कर. करतेच आहे. (वेंगुर्ला)

उत्तर : तू करतेयस हे दिसतंय, पण आधी गिटार तपासूया. कुठलीही तार तिसऱ्या फ्रेटला दाब आणि बघ पहिल्या फ्रेटवर तार नि पट्टी यांच्यात किती फट राहते. कागद जेमतेम सरकेल एवढी हवी. त्यातून पोस्टकार्डांची गड्डी जात असेल तर वरचा नट (तारा ज्या खाचांतून जातात ती वरच्या टोकाची छोटी पट्टी) उंच आहे आणि तुझ्या मनगटाचा काही दोष नाही, नवीन स्वस्त गिटारींमधे हे फार असतं. मग बाराव्या फ्रेटला मोजपट्टी लावून सहाव्या तारेची उंची मोज, अडीच मिलिमीटरच्या आत असली तर ठीक, तीनच्या वर गेली तर कुणीही रडेल. हे दोन्ही दुरुस्त करून मिळतं, गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे तासाभराचं काम. तारांचा सेट पण हलका घे, ०.०१२ ऐवजी ०.०१० पासून सुरू होणारा.

आता बोटाचं. सगळ्यांना वाटतं आडव्या बोटाने सहाही तारा दाबायच्या. मोज बरं, एफ मधे पाचवी, चौथी, तिसरी या तारा बाकीची बोटं पुढे दाबतच आहेत, पहिल्या बोटाच्या वाट्याला खरं काम फक्त सहावी, दुसरी आणि पहिली, एवढ्या तीन तारांचं. मधे बोट ढिलं राहिलं तरी चालतं. बोट जरासं अंगठ्याच्या बाजूला कलतं कर म्हणजे मऊ मांसल भागाऐवजी कडेचा कडक भाग तारेवर येतो. कांड्याची घडी नेमकी एखाद्या तारेवर येत असेल तर ती तार मरणारच, बोट तसूभर वर-खाली सरकव. आणि चिमटा काढल्यासारखं अंगठ्याने दाबू नकोस, कोपर पोटाजवळ घे आणि हाताच्या वजनाने मागे ओढ, विहिरीतून कळशी ओढतो तसं.

सुरुवात पहिल्या फ्रेटला करू नकोस, तिथे नट जवळ असल्याने तार सगळ्यात हट्टी असते. तोच आकार पाचव्या फ्रेटला धर, तिथे ती ए होते. तिथे स्वच्छ वाजली की चौथा, तिसरा, असं रोज एक पायरी खाली ये.

तोपर्यंत गाणी अडवून ठेवू नकोस. छोटी एफ वाजव, पहिल्या बोटाने पहिली नि दुसरी तार पहिल्या फ्रेटला, मधल्याने तिसरी तार दुसऱ्याला, अनामिकेने चौथी तार तिसऱ्याला, पाचवी-सहावी वाजवायचीच नाही. कुणाला कळत नाही. मनगट दुखलं की थांब मात्र, बोटांच्या टोकांची आग चालते, मनगटाचं दुखणं अंगावर काढायचं नसतं.

प्रश्न : कॉर्ड्स येतात पण वाजवताना ताल जातो. कॉर्ड बदलायची वेळ आली की हात थांबतो, तोवर गाणारे पुढे निघून जातात. स्ट्रमिंगचे बाण काढलेले असतात वर-खाली वर-खाली, ते पाठ होत नाहीत. (गुहागर)

उत्तर : बाण फेकून द्या आणि तोंडाने बोल म्हणा. केरवा येतो ना, धा गे ना ती, न क धी न, आठ मात्रा. उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा, पहिल्या मात्रेला खाली, दुसरीला वर, तिसरीला खाली, असा आठही मात्रा फिरला पाहिजे, तारांना लागो की न लागो. मग दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला हात तारांवरून हवेतच जाऊ द्या, बाकी सहा वाजवा. ते जे जगभरचं खाली, खाली वर, वर खाली वर आहे ना, ते हेच. दादऱ्याला सहा मात्रा, धा धी ना, धा ती ना, तिथे पहिल्या आणि चौथ्या मात्रेला नुसती खर्जाची तार, मधल्या मात्रांना खालच्या बारीक तारांवर हलका हात.

कॉर्ड बदलताना हात का थांबतो, तर डावा हात तयार नाही म्हणून उजवा त्याची वाट बघतो. बघू द्यायची नाही. डावा हात अर्धवट बसलेला असला तरी उजवा फिरत राहिला पाहिजे, आठव्या मात्रेला डावा हात तारांवरून उचलाच, उघड्या तारा वाजल्या तरी वाजू देत, एवढ्या वेळात कुणाच्या लक्षात येत नाही. थांबलेलं मात्र लहान पोराला पण कळतं. घरी मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून दोनच कॉर्ड, जी आणि ई मायनर, पाच मिनिटं. आणि अनामिका तिथल्या तिथे ठेवता येते अशा कॉर्ड्स जोडीने शिका, जी मधे दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला अनामिका ठेवली (करंगळी पहिल्या तारेवर) तर डी ला ती जागची हलतच नाही.

गजर सुरू होऊन लय चढली की सगळं वाजवायला जाऊ नका. पखवाज, झांज, टाळ्या एवढं सगळं चालू असताना गिटारने फक्त पहिली आणि पाचवी मात्रा सांभाळली तरी पुष्कळ.

प्रश्न : आमचं घर बंदराला लागून. तारा महिन्याभरात तांबूस होतात, पावसाळ्यात गिटारचं पोट फुगल्यासारखं वाटतं. स्टीलऐवजी नायलॉनच्या तारा लावल्या तर? (हर्णै)

उत्तर : पोट फुगतं ते खरंच फुगतं. लाकूड हवेतलं पाणी पिऊन वर येतं, ब्रिज (पोटावरचा लाकडी तुकडा, ज्यात तारा अडकवतात) त्याच्याबरोबर उचलला जातो आणि तारा फ्रेटपासून लांब जातात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे जुलैत कपडे चार दिवस वाळत नाहीत, त्यावरून काय ते समजा. माझी पहिली गिटार पडवीत खुंटीला टांगलेली असायची, दिसायला छान, एका पावसाळ्यात मधरात्री बंदुकीसारखा आवाज झाला आणि सकाळी बघतो तर ब्रिज तारांसकट सुटून लोंबतोय. तेव्हापासून गिटार बंद केसमधे, घराच्या आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला टेकवून नाही, आणि केसमधे सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या दर पंधरा-वीस दिवसांनी तव्यावर मंद आचेवर परतून घ्यायच्या, कागदी पुडी असेल तर आतले खडे काढून.

तारांना खारं वारं आणि घाम दोन्ही खातात. वाजवून झालं की सुक्या सुती फडक्याने पुसा, आणि फडकं तारांच्या खालून पण फिरवा, गंज तिथून सुरू होतो. कोटेड (वरून पातळ थर दिलेल्या) तारा महाग पडतात पण बंदरावर त्या परवडतात, कारण साध्या तुम्ही तीनदा बदलणार.

स्टीलच्या गिटारला नायलॉन लावून काही मोडणार नाही, पण आवाज मेलेला येईल, आणि टोकाला गोळी असलेल्या नायलॉन तारा शोधाव्या लागतील. उलटं मात्र कधीच करू नका. स्टीलच्या लाइट सेटची ओढ सगळ्या तारा मिळून साधारण ७० किलोच्या घरात जाते, नायलॉनची ४० च्या आसपास. नायलॉनसाठी बनवलेल्या गिटारला स्टील लावलं की पुढे काय ते वर सांगितलंच.

प्रश्न : पोस्टातून निवृत्त, वय ६१. आता शिकून येईल का? बायको हसते. (देवगड)

उत्तर : येईल. नायलॉनच्या तारांची गिटार घ्या, बोटांना सोसवते. रोज एकदम तासभर बसण्यापेक्षा सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा. आणि वहिनींना गायला बसवा, हसणं आपोआप बंद होतं, मग त्या चुका काढतात ती गोष्ट वेगळी.

प्रश्न : माझा मुलगा डावरा आहे, दहा वर्षांचा. गिटार उलटी धरतो. सवय मोडावी का? (चिपळूण)

उत्तर : काकी, मोडायची काही गरज नाही. आधी त्याला नेहमीच्या बाजूने महिनाभर धरून बघायला सांगा, बऱ्याच डावऱ्यांना जमतं आणि मग कुणाचीही गिटार हातात घेता येते. नाहीच जमलं तर डावरी गिटार विकत मिळते. आहे तिच्याच तारा उलट्या लावल्या तर नटच्या खाचा बदलून घ्याव्या लागतात, जाड तार बारीक खाचेत बसत नाही, आणि ब्रिजवरची ती तिरकी पांढरी पट्टी पण उलटी होते म्हणून वरच्या फ्रेटांवर सूर हलतात.

प्रश्न : गणपतीला वीस दिवस राहिलेत. मुंबईहून चाकरमानी येणार, घरचं भजन दरवर्षी असतं, या वर्षी मी गिटार वाजवणार असं सगळ्यांना सांगून बसलोय. येतात फक्त ए, डी, ई आणि त्या पण हळू. काय काय शिकू? (कणकवली)

उत्तर : नवीन काही शिकू नकोस. ए, डी, ई म्हणजे सा, म, प, तुझ्याकडे घर आहे, अंगण आहे आणि पाणंद पण आहे. पहिले आठ दिवस ए वरून डी, डी वरून ई, ई वरून ए, एवढंच, वरच्या पत्रात सांगितलंय तसा उजवा हात न थांबवता. मग घरात पेटी कोण वाजवतं त्याच्याकडे जाऊन विचार पट्टी कुठली असते आणि आरत्या म्हणायच्या कुठल्या कुठल्या. पाच-सहाच निवड, प्रत्येकीचं ध्रुवपद मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि घरी येऊन सूर कुठे टेकतो ते बघत खाली ए, डी, ई लिहून काढ. काळी एक असेल तर कॅपो चौथ्याला, काळी दोन असेल तर सहाव्याला, तरी तुझे तेच तीन आकार. जिथे तिन्हीपैकी काहीच बसत नाही तिथे वाजवायचंच नाही, तार हाताने झाकून ताल धर, टक टक, तेही छान लागतं.

एक दिवस आधी नवीन तारा लावू नकोस, त्या तीन-चार दिवस उतरत राहतात, आठवडाभर आधी लाव. आणि बसताना पेटीवाल्याच्या शेजारी अशा बाजूला बस की त्याची उजव्या हाताची बोटं दिसतील, तो म वर गेला की तू डी वर.